ट्रेकर्सचे प्रकार पाडून ॲप करावे का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही तिघे मिळून सह्याद्रीतल्या किल्ल्यांच्या वाटांसाठी ॲप करत आहात, त्यासाठी साठेक भटक्यांना प्रश्नावली दिलीत आणि आलेली उत्तरे पाहून गोंधळात पडलात. धावणाऱ्यांना वेगाचे आणि चढाईचे आकडे हवे आहेत, मुलांना घेऊन जाणाऱ्यांना सोपी वाट आणि स्वच्छतागृह हवे आहे, ज्येष्ठांना मोठी अक्षरे हवी आहेत, जुन्याजाणत्यांना नेटवर्कशिवाय चालणारा नकाशा आणि जीपीएक्स फाइल (वाटेची जीपीएस नोंद साठवणारी फाइल) पुरेशी आहे, आणि एका वाटाड्याने तर असले ॲपच नको म्हणून सांगितले. यावर तोडगा म्हणून ॲप उघडताच ‘नवखा’, ‘सरावलेला’ आणि ‘तरबेज’ अशी तीन बटणे द्यावीत आणि ज्याने जे दाबले त्याप्रमाणे पुढचे पडदे बदलावेत, असे तुमच्या मनात आहे.

ती बटणे काढून टाका, हे माझे उत्तर. मात्र ‘मग एकच ॲप सगळ्यांना सारखेच दाखवू’ हा त्याचा अर्थ नव्हे. गेली चौदा वर्षे मी उघड्यावर काम करणाऱ्या माणसांसाठी, म्हणजे सर्वेक्षक, वनरक्षक, भटके अशांसाठी, फोनवरची साधने तयार करण्याचे काम करतो आणि त्याहून जास्त वर्षे डोंगरात फिरतो आहे. त्या अनुभवावरून लिहितो आहे. हिमालयातल्या आठ-दहा दिवसांच्या पदयात्रेला किंवा शहरातल्या टेकडीवरच्या फिरायच्या रस्त्याला यातले सगळे लागू पडेलच असे नाही. एका दिवसात किंवा फार तर एका मुक्कामात होणाऱ्या आपल्याकडच्या किल्ल्यांपुरते हे समजावे.

सुमारे नऊ वर्षांपूर्वी एका कामात आम्ही अगदी हीच तीन बटणे दिली होती. बहुतेकांनी मधले बटण दाबले, कारण स्वतःला नवखा म्हणवून घ्यायला कोणी तयार नसतो आणि तरबेज म्हणवून घ्यायला थोडा संकोच वाटतो. ज्यांनी ‘तरबेज’ दाबले त्यांत एक गृहस्थ होते, जे दर रविवारी पायथ्याच्या आतकरवाडीहून सिंहगड चढत असत आणि पन्नाशी ओलांडूनही तरुणांच्या पुढे असत. ते खोटे बोलत नव्हते. त्यांचे पाय आणि फुप्फुसे खरोखरच तरबेज होती. परंतु सिंहगडाची ती वाट इतकी मळलेली आहे की तिच्यावर वाट शोधण्याची वेळच येत नाही. हेच गृहस्थ बेलपाड्याहून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडाला निघाले तेव्हा आमच्या ॲपने त्यांना ‘तरबेज’ समजून सगळ्या सूचना गाळल्या. नळीत, म्हणजे कड्यांमधल्या त्या अरुंद घळीत, दम लागतो तो भाग वेगळा. तिथे मोठमोठ्या धोंड्यांमधून आपली दिशा आपणच ठरवावी लागते, कातळटप्प्यावर हातांचा भरवसा असावा लागतो आणि कुठे थांबून मागे फिरायचे हे कळावे लागते. त्यांच्याबरोबर जाणता माणूस होता म्हणून निभावले. आल्यावर त्यांनी मला शांतपणे विचारले, “मी तरबेज आहे असे मी म्हणालो, पण कशात, हे तुम्ही विचारलेत का?”

दुसरी अडचण याहून साधी आहे. तोच माणूस दर वेळी तोच राहत नाही. शनिवारी पहाटे एकटा धावत जाणारा मुलगा पुढच्या महिन्यात आईला आणि सात वर्षांच्या भाचीला घेऊन त्याच किल्ल्यावर येतो. त्या दिवशी त्याला वेगाचे आकडे नको असतात. सावली कुठे आहे, कठडा कुठपर्यंत आहे आणि आईचे गुडघे उतरताना किती दुखतील हे हवे असते. तुमच्या प्रश्नावलीत ‘धावणारे’ आणि ‘कुटुंबवाले’ म्हणून जे दोन गट पडले आहेत त्यांत काही माणसे दोन्हीकडे आहेत, फक्त उत्तर देताना त्यांच्या डोळ्यांसमोर कोणता रविवार होता एवढाच फरक आहे. म्हणून माणसाबद्दल विचारण्याऐवजी त्या दिवसाच्या जाण्याबद्दल विचारावे: बरोबर कोण आहे, कोणत्या गावातून निघणार आणि उजेड असेपर्यंत कुठे परत पोचायचे आहे. या तीन प्रश्नांची उत्तरे कोणालाही न लाजता देता येतात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. लोकांच्या गरजा वेगळ्या आहेत असे आपण म्हणतो तेव्हा खरे तर त्यांना एकाच वाटेबद्दल वेगवेगळे निर्णय घ्यायचे असतात. राजगडाचे उदाहरण घ्या. गुंजवण्याहून चोर दरवाजाने वर जाणारी वाट उभी आहे आणि शेवटच्या टप्प्यात कठड्याला धरून चढावे लागते, तर पाली दरवाजाकडची वाट रुंद पायऱ्यांची आहे. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत राजगड आहे, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच गड चढणारी मंडळीही तिथे मोठ्या संख्येने येतात. त्यांना ‘राजगड : मध्यम’ एवढे सांगून काय कळणार? आजींना घेऊन आलेल्याला पाली दरवाजा हे उत्तर आहे, पुण्याहून उशिरा निघालेल्याला कदाचित अंतर महत्त्वाचे आहे, आणि पुढे संजीवनी माचीकडून तोरण्याच्या धारेवर, म्हणजे डोंगराच्या अरुंद माथ्यावरून, जाणाऱ्याला पाणी शेवटचे कुठे भरून घ्यायचे हा प्रश्न आहे. किल्ला एकच आहे, पण ‘मध्यम’ या शब्दाने यांपैकी एकाचाही निर्णय होत नाही.

म्हणूनच काठिण्याची श्रेणी देण्याबद्दल मी सावध असतो. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशावर पायवाटांना लावण्यासाठी सहा पायऱ्यांची एक श्रेणी वापरतात. ती स्वित्झर्लंडच्या आल्पाइन क्लबच्या मोजपट्टीवरून आलेली आहे. ती वाईट नाही, आणि नकाशा तयार करताना ती माहिती जरूर भरावी. पण आपल्याकडे तीच वाट महिन्यागणिक बदलते. जानेवारीत जो कातळटप्पा गप्पा मारत चढता येतो त्याच टप्प्यावर जुलैत शेवाळ धरलेले असते आणि वरून पाण्याचा लोट येत असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कातळ सुकू लागतो, पण गवत छातीपर्यंत वाढून पायवाटच गिळून टाकते, आणि कारवीच्या रानात दोन हातांवरचा माणूस दिसत नाही. एप्रिलमध्ये वाट स्पष्ट दिसते, मात्र टाक्यातले पाणी आटलेले असते आणि डोंगराच्या उघड्या सोंडेवर सकाळी अकरानंतर चालणे हाच धोका असतो. मग त्या वाटेची श्रेणी कोणती लिहायची?

आम्ही पुढे असे केले की श्रेणी मागे ठेवली आणि वस्तुस्थिती पुढे आणली. कळसूबाईचे पान करताना ‘मध्यम’ हा शब्द काढून तिथे असे लिहिले : उंची १६४६ मीटर, बारी गावातून वाट, वाटेत लोखंडी शिड्या, शिड्यांना कठडा आहे पण पायऱ्यांमधून खालचे दिसते, पावसाळ्यातल्या रविवारी शिड्यांपाशी रांग लागते. उंचीची भीती असलेल्याला ‘खालचे दिसते’ हे तीन अक्षरांच्या श्रेणीपेक्षा अधिक उपयोगी पडते, लहान मूल पाठुंगळीला घेतलेल्याला ‘कठडा आहे’ हे कळून धीर येतो, आणि ज्याला गर्दी सोसत नाही तो आठवड्याचा दुसरा वार निवडतो. वाक्य एकच, पण प्रत्येक जण त्यातून आपापले उत्तर काढतो. हा मार्ग वेगवेगळे पडदे करण्यापेक्षा स्वस्त आहे आणि चुकण्याची शक्यताही कमी आहे. अगदी नवख्या माणसाला मात्र अशा वस्तुस्थितीचा अर्थ लावता येत नाही, हे मी मान्य करतो. त्याच्यासाठी प्रत्येक पानावर एक सरळ वाक्य लागते : ‘पहिलाच ट्रेक असेल तर या महिन्यात या वाटेने जाऊ नका’, किंवा ‘जायला हरकत नाही’. ते वाक्य माणसाने लिहावे, गणिताने काढू नये, आणि त्याच्याखाली ते कोणत्या महिन्यात शेवटचे तपासले हे असावे. तारीख नसलेली माहिती डोंगरात अर्धवट खोटी असते.

वेळेच्या अंदाजाबद्दलही हेच म्हणेन. किती तास लागतील याचे सूत्र नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिले : दर तीन मैलांना एक तास आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. आजही पुष्कळ ॲप्सच्या पोटात हेच किंवा याच्यावर बेतलेले गणित असते. त्यात ना दमट ऊन आहे, ना निसरडी उतरण, ना फोटोसाठी दर दहा मिनिटांनी थांबणारा मित्रांचा घोळका. यावर तुम्ही माणसाचे वर्गीकरण करून ‘मंद’ आणि ‘वेगवान’ असे दोन आकडे दाखवाल, तर पुन्हा त्याच बटणांपाशी आलात. त्याऐवजी पहिली चाळीस मिनिटे गप्प राहून त्या दिवसाची त्यांची चाल मोजा, थांबे धरून मोजा, आणि मग सांगा : ‘या चालीने माथ्यावर पोचायला एक वाजेल आणि परत गावात यायला साडेपाच’. धावणाऱ्याला हेच गणित त्याचा वेग सांगते, आजींच्या नातवाला हेच गणित सांगते की बालेकिल्ला आज सोडून द्यावा. कोण कोणत्या प्रकारचा आहे हे विचारण्याची गरजच उरत नाही.

आता नकाशाबद्दल, कारण सगळ्यात जास्त चुका मी तिथे पाहिल्या आहेत आणि काही स्वतः केल्या आहेत. मोकळ्या आकाशाखाली साधा फोन तुमची जागा साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर सांगतो. नाळेत (दोन कड्यांमधल्या घळीत) किंवा कड्याच्या पोटाला मात्र उपग्रहाचा संकेत कातळावर आपटून येतो आणि नकाशावरचा ठिपका तीस-चाळीस मीटर उड्या मारू लागतो. दुसरीकडे, फुकट मिळणाऱ्या उंचीच्या आकड्यांपैकी सर्वांत जास्त वापरले जाणारे आकडे फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानातून केलेल्या रडार मोजणीचे आहेत, आणि त्यातले दोन मोजबिंदू एकमेकांपासून सुमारे तीस मीटरवर असतात. सह्याद्रीतला वीस मीटरांचा सरळसोट कडा दोन बिंदूंच्या मध्ये सहज लपतो आणि समोच्च रेषांवर तिथे नुसता तीव्र उतार दिसतो. उतार पाहून ‘इथून खाली उतरता येईल’ असे वाटणे आणि प्रत्यक्षात कड्याच्या तोंडाशी येणे ही गोष्ट कागदी नकाशांच्या काळातही होत असे. फरक एवढाच की चकचकीत पडद्यावरच्या रेषेवर लोक जास्त विश्वास टाकतात.

यातून एक प्रश्न उभा राहतो, ज्यावर आमच्या गटात कित्येक संध्याकाळी वाद झाले : वाट सोडली की ॲपने केव्हा हटकायचे? आम्ही आधी वीस मीटरची मर्यादा ठेवली. नाळेत फोन सतत थरथरू लागला, लोक वैतागले आणि त्यांनी ती सूचनाच बंद करून टाकली. मग मर्यादा पन्नास मीटर केली. त्याने नाळेतला त्रास संपला, पण धारेवर पन्नास मीटर म्हणजे कड्याच्या पलीकडे. शेवटी कळले की एक आकडा सगळीकडे चालणारच नाही. वाटेचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला त्याच्या जमिनीप्रमाणे मर्यादा द्यावी लागली : पठारावर सैल, धारेवर घट्ट, नाळेत सूचना बंद आणि त्याऐवजी नाळेच्या तोंडाशीच एक शब्दांतली सूचना. हे काम कंटाळवाणे आहे आणि घरी बसून होत नाही. पण माझ्या मते तुमच्या तिघांचा सगळ्यात मोलाचा वेळ इथे जायला हवा. हरिश्चंद्रगडावर खिरेश्वरहून जाताना तोलार खिंडीनंतरचा कातळटप्पा संपतो आणि सगळ्यांना वाटते की आता आलोच. पुढची टेकाडे मात्र धुक्यात एकसारखी दिसतात आणि लोक तिथे भरकटतात. अशा जागी नवखा आणि जाणता यांच्या गरजा एकच होतात : मी वाटेवर आहे की नाही.

ठिपक्याच्या भोवती त्याच्या अनिश्चिततेचे वर्तुळ दाखवायला विसरू नका. वर्तुळ मोठे झाले की रंग फिका करा. फोनलाच खात्री नसताना खात्रीचा आव आणणारा नकाशा माणसाला चुकीच्या सोंडेवर नेतो.

बॅटरीचेही दोन शब्द. डोंगरात फोनची बॅटरी मुख्यतः नेटवर्क शोधण्यात जाते. फोन विमान-स्थितीत ठेवला तरी बहुतेक फोनांचे जीपीएस चालू राहते, ही गोष्ट ॲपनेच पायथ्याशी सांगावी. फक्त त्याआधी जागा एकदा निश्चित करून घ्यायला सांगा. कारण नेटवर्कची मदत नसेल तर फोनला प्रत्येक उपग्रहाच्या कक्षेची माहिती त्याच्याच संकेतातून उतरवून घ्यावी लागते, त्याला सलग अर्धे मिनिट लागते, आणि झाडीत संकेत तुटत राहिला तर तेच काही मिनिटांवर जाते. एवढ्यात माणूस ‘जीपीएस बिघडले’ म्हणून फोन खिशात टाकतो.

पडद्याबद्दल फारसे लिहीत नाही, कारण ते सगळीकडे लिहिलेले सापडते, आणि तुम्ही ते वाचलेले दिसते. तरी आपल्याकडचे म्हणून काही. पावसात ओल्या पडद्यावर बोट ओळखले जात नाही, किंवा थेंबच बोट समजले जाते. म्हणून ‘ही जागा नोंदवा’ आणि ‘आता मी कुठे आहे ते बोलून सांगा’ ही दोन कामे आवाज कमीजास्त करायच्या कळीने होऊ द्या. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात दाबायच्या जागेसाठी साधारण नऊ मिलिमीटरचे माप सांगितले आहे. चढून धाप लागलेल्या हाताला ते अपुरे पडते, मी त्याच्या दीडपट ठेवतो. चाळिशीचा चष्मा बहुतेकांच्या सॅकच्या तळाशी असतो, त्यामुळे मोठी अक्षरे ही ज्येष्ठांची वेगळी सोय म्हणून सेटिंग्जमध्ये लपवू नका. ती सगळ्यांना आधीपासूनच असू द्यात, ज्याला लहान हवी तो लहान करील. आणि देवनागरी तपासा. काही लोकप्रिय नकाशा-इंजिनांत, म्हणजे ॲपमध्ये नकाशा काढणाऱ्या तयार सॉफ्टवेअरमध्ये, नकाशावरच्या नावांची जोडाक्षरे मोडतात आणि वेलांट्या भलत्या अक्षराला चिकटतात. ‘हरिश्चंद्रगड’ हे एकच नाव लिहून पाहिले तरी पाच मिनिटांत कळते.

एका गोष्टीवर मात्र आवर्जून वेळ घालवा : वाट शब्दांत लिहिणे. ‘शाळेच्या मागून ओढा ओलांडा, ओढा उजव्या हाताला ठेवून आंब्यापर्यंत या, आंब्यापाशी दोन वाटा फुटतात, वरची घ्या’ असे सलग वर्णन. दृष्टिहीन भटका ते फोनकडून वाचून घेतो, धावणारा कानात ऐकतो, फोन बॅगेत ठेवलेला म्हातारा घरून निघतानाच पाठ करून येतो, आणि बॅटरी संपलेल्या मुलांना गावकऱ्याला विचारायला शब्द मिळतात. ज्या सोयीसाठी तुम्ही वेगवेगळे पडदे काढणार होतात तिचे बरेचसे काम इथे होऊन जाते. फक्त या वर्णनात गावातली माणसे जी नावे वापरतात तीच वापरा. ट्रेकर मंडळींनी ठेवलेली इंग्रजी टोपणनावे विचारून वाट सापडत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

संकटसमयीच्या बटणाबद्दल तुम्ही प्रश्नाच्या शेवटी एक ओळ लिहिली आहे. परदेशी ॲप्समध्ये आहे तसे उपग्रहाशी जोडणारे बटण तुम्हाला द्यायचे आहे, असे दिसते. भारतात परवान्याशिवाय उपग्रह-संदेशयंत्र वापरणे बेकायदा आहे, तेव्हा तो विचार सध्या बाजूला ठेवावा लागेल. जे हाताशी आहे ते असे : ११२ हा आणीबाणीचा क्रमांक, जिथे बोलणे होत नाही तिथेही कधीकधी जाणारा साधा एसएमएस, आणि मदतीला धावून येणारे स्थानिक गट. महाराष्ट्रात अशा बचाव पथकांचा समन्वय करणारे केंद्र आहे. त्या पथकांतल्या लोकांशी बोला. माझ्या ऐकण्यात त्यांची मागणी फार साधी असते : अडकलेल्याने आपली जागा बिनचूक सांगावी आणि मग तिथून हलू नये.

जागा बिनचूक सांगणे वाटते तितके सोपे नाही. एका रात्री मी फोनच्या या टोकाला होतो आणि पलीकडचा मुलगा अक्षांश-रेखांश वाचून दाखवत होता. आवाज तुटत होता. त्याने ‘एकोणसाठ’ म्हटले, मी ‘एकोणसत्तर’ लिहिले. दशांश चिन्हानंतरच्या पहिल्या दोन अंकांची ती जोडी होती, आणि दुसऱ्या अंकातली एकाची चूक म्हणजे सुमारे एक किलोमीटरचा फरक. इथे तर दहाची चूक झाली होती. सुदैवाने लिहिलेली जागा एका धरणाच्या पाण्यात येत होती म्हणून चूक लगेच ध्यानात आली, नाहीतर माणसे भलत्या डोंगरावर गेली असती. मराठीत जोडसंख्या फोनवर सांगण्याइतकी धोक्याची गोष्ट नाही. त्यानंतर आम्ही संकटाच्या पडद्यावर प्रत्येक अंक सुटा, मोठा आणि खाली अक्षरी लिहिलेला दाखवू लागलो : ‘पाच, नऊ’. शिवाय तिथेच जवळची ठळक खूण शब्दांत येते, ‘अमुक खिंडीच्या उत्तरेला, ओढ्याच्या वर’. हा पडदा नेटवर्कशिवाय, एका हाताने आणि अंधारात उघडला पाहिजे. तुम्ही बाकी काहीही अर्धवट सोडलेत तरी चालेल, हे सोडू नका.

आणि शेवटी तो वाटाड्या, ज्याचे उत्तर तुम्ही ‘इतर’ या रकान्यात टाकले आहे. तुमच्या साठ उत्तरांत मला ते सर्वांत विचार करायला लावणारे वाटले. ज्याला आपण ट्रेकची वाट म्हणतो ती कोणाची तरी ढोरवाट आहे, सरपणाची वाट आहे, पाड्यावरून शाळेत जाण्याची किंवा देवाला जाण्याची वाट आहे. ही माणसे तुमचे ॲप कधी उघडणार नाहीत, पण त्याचा परिणाम मात्र त्यांच्यावर सर्वांत आधी होईल. एका ठिकाणी आम्ही कोणाच्या तरी जीपीएस नोंदीवरून जवळची वाट नकाशावर टाकली. ती एका घराच्या परसातून आणि नाचणीच्या वाफ्याच्या बांधावरून जात होती. दोन महिन्यांनी तिथे काट्यांची कुंपणे लागली आणि गावकरी येणाऱ्या प्रत्येकाशी भांडू लागले. चूक सर्वस्वी आमची होती.

जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हा या धावण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपच्या जगभराच्या नकाशावर सैनिकांच्या धावण्याच्या रेषांवरून लष्करी तळ ओळखू येऊ लागले, हे तुम्हाला आठवत असेल. पायांच्या नोंदी आपोआप प्रसिद्ध केल्या की त्या काय काय उघड करतील हे आधी सांगता येत नाही. आपल्याकडे लष्करी तळांपेक्षा गिधाडांची घरटी, देवराया आणि उन्हाळ्यात गावाला पुरवून पुरवून वापरावे लागणारे टाके यांची काळजी जास्त आहे. म्हणून लोकांच्या नोंदी घ्या, पण कोणतीही वाट गावातल्या किमान एका जाणत्या माणसाने पाहिल्याशिवाय नकाशावर आणू नका, आणि ‘ही वाट काढून टाका’ असे सांगायची सोय फोन करून होईल अशी ठेवा, कारण त्यांच्यापैकी अनेकांना तुमचा अर्ज भरता येणार नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड किंवा भीमाशंकर यांसारखी अभयारण्ये आणि पावसाळ्यात जिल्हा प्रशासन काही ठिकाणी घालते ती बंदी, यांच्या तारखाही तिथेच दिसाव्यात.

वाटाड्याच्या पोटाचा प्रश्नही खरा आहे. यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. जे करून पाहिले त्यातले एक बऱ्यापैकी टिकले : ज्या वाटांवर मला स्वतःला अनोळखी माणसाने एकट्याने जाऊ नये असे वाटते, उदाहरणार्थ नळीची वाट किंवा अलंग-मदन-कुलंगचे कातळटप्पे, त्यांची बारीक रेषा आम्ही दिलीच नाही. पायथ्याच्या गावापर्यंत नेले, आणि तिथे ज्यांनी स्वतः होऊन संमती दिली त्यांची नावे आणि जेवणाची सोय दाखवली. ॲप विकत घेणाऱ्या काही जणांनी यावर तक्रार केली, पैसे परत मागितले आणि आम्ही दिले.

तेव्हा सुरुवात कशी करावी याबद्दल माझा सल्ला असा. नवी प्रश्नावली काढू नका, कारण सोफ्यावर बसून माणूस आपल्याला काय हवे हे सांगतो आणि डोंगरात वेगळेच करतो. एकच किल्ला घ्या, राजगड घेतलात तरी चालेल, आणि पाच वेळा पाच वेगवेगळ्या लोकांच्या मागून चाला : एक आजी, एक लहान मूल असलेले घर, एक पहिल्यांदा आलेला घोळका, एक जुना भटका आणि एक गुराखी. काही सुचवू नका, मदत करू नका, फक्त फोन केव्हा बाहेर निघतो आणि केव्हा आत जातो ते टिपा. धावणाऱ्याच्या मागून तुम्हाला जाता येणार नाही, त्याच्या खिशात आवाज नोंदवणारे यंत्र द्या. आमच्या नोंदींत बहुतेक वेळा फोन बाहेर निघाला तो फाट्यांवर, आणि परतीच्या वाटेवर उजेड कमी होऊ लागल्यावर. गुराख्याने तर एकदाही काढला नाही, पण दोन ठिकाणी थांबून त्याने आम्हाला पुढच्या लोकांना हाक मारायला सांगितले, कारण ते चुकीच्या फाट्याला लागले होते. त्या दोन्ही जागा तोपर्यंत आमच्या नकाशावर नव्हत्या.

ही पाच चालणी होईपर्यंत पहिल्या पडद्यावरच्या तीन बटणांच्या जागी एकच चौकट ठेवा : ‘अंधार पडण्यापूर्वी कुठे पोचायचे आहे?’